वनस्पतितंतू पचवणारे जिवाणू आपली विकरे कशी बदलतात: मातीच्या नमुन्यापासून जनुकापर्यंत तपासण्याची पद्धत

जिवाणू वनस्पतितंतूंशी जुळवून घेतात असे आपण एका वाक्यात म्हणून टाकतो, परंतु त्या वाक्यात तीन निरनिराळ्या घटना मिसळलेल्या असतात. पहिली घटना काही तासांची आहे: विकराचे, म्हणजे एन्झाइमचे, जनुक पेशीकडे आधीपासूनच असते, तंतू समोर आला की ते चालू होते आणि ग्लुकोज मिळाले की मंदावते. दुसरी घटना शेकडो पिढ्यांची आहे: त्या जनुकात, त्याच्या नियंत्रक भागात किंवा त्याच्या प्रतींच्या संख्येत उत्परिवर्तन होते आणि ज्या पेशींना त्याचा लाभ होतो त्यांची संतती टिकते. तिसरी घटना म्हणजे तयार जनुक दुसऱ्या जिवाणूकडून मिळणे. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत सर्वाधिक गल्लत येथेच होते, कारण मोजमाप पहिल्या प्रकारच्या बदलाचे केलेले असते आणि निष्कर्ष मात्र दुसऱ्या प्रकारचा लिहिला जातो. ज्यांच्या हाताशी सूक्ष्मजीवशास्त्राची साधी प्रयोगशाळा, म्हणजे ऑटोक्लेव्ह, इन्क्युबेटर, शेकर, सेंट्रिफ्यूज आणि वर्णपट-प्रकाशमापक आहे, त्यांना हे तीन बदल एकमेकांपासून वेगळे ओळखता यावेत अशा क्रमाने हा लेख लिहिला आहे.

तंतू आणि विकर यांची गाठ कोठे पडते

सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची बीटा-१,४ बंधांनी जोडलेली सरळ साखळी. तिच्यातील प्रत्येक ग्लुकोज शेजारच्या ग्लुकोजच्या तुलनेत १८० अंशांत वळलेले असते, म्हणून या साखळीचे पुनरावर्ती एकक ग्लुकोज नसून दोन ग्लुकोजचे सेलोबायोज मानले जाते. अशा अनेक साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना घट्ट बिलगतात आणि त्यातून काही जागी स्फटिकासारखी शिस्तबद्ध, तर काही जागी सैल रचना तयार होते. पेशीभित्तिकेत या तंतूंभोवती झायलान, मॅनन यांसारख्या हेमिसेल्युलोजांचे, पेक्टिनचे आणि प्रौढ उतींमध्ये लिग्निनचे वेष्टण असते. हा पदार्थ पाण्यात विरघळत नाही आणि जिवाणू तो गिळूही शकत नाही. त्यामुळे विकर पेशीबाहेर पाठवणे किंवा पेशीच्या पृष्ठभागावर बसवणे, एवढेच दोन मार्ग त्याच्यापुढे असतात. या विकरांची रचना समजून घेताना ती घन पृष्ठभागावर काम करतात हे सतत ध्यानात ठेवावे लागते.

विकरांच्या कामाची वाटणी साधारणपणे अशी असते. एंडोग्लुकानेज साखळीला मध्येच कोठेतरी छेद देते. सेलोबायोहायड्रोलेज साखळीच्या टोकापासून सुरुवात करून एकामागून एक सेलोबायोज सोडवत पुढे सरकते. बीटा-ग्लुकोसिडेज सेलोबायोजचे ग्लुकोजमध्ये रूपांतर करते. पहिल्याचा क्रियाशील भाग उघड्या घळीसारखा असतो, तर दुसऱ्याच्या घळीवर प्रथिनाचे फास कमानीसारखे झुकलेले असल्यामुळे तिचा बोगदा झालेला असतो. उत्क्रांतीला हा फरक पार करणे कितपत कठीण आहे, याचे एक सुंदर उत्तर १९९५ साली सेल्युलोमोनास फिमी या जिवाणूच्या विकरावर मिळाले. त्याच्या सेलोबायोहायड्रोलेजचा पृष्ठभागावरील एक फास काढून टाकल्यावर त्याची एंडोग्लुकानेज क्रिया वाढली. म्हणजे प्रथिनाचा मूळ साचा तसाच ठेवून केवळ एका फासाच्या फरकाने त्याच्या कामाचा कल बदलू शकतो.

याशिवाय दोन गोष्टी माहीत असाव्यात. अनेक विकरांना उत्प्रेरक भागाशिवाय तंतूला धरून ठेवणारा वेगळा भाग जोडलेला असतो. हा बंधनभाग काढून टाकल्यास विद्राव्य पदार्थावरील क्रियेत फारसा फरक पडत नाही, पण अविद्राव्य तंतूवरील क्रिया बरीच घटते. दुसरी गोष्ट अशी की जलअपघटनाने चालणाऱ्या विकरांबरोबर तांब्याच्या साहाय्याने ऑक्सिडीकरण करून स्फटिकी पृष्ठभागाला खाचा पाडणारी विकरेही असतात. त्यांची ही ऑक्सिडीकरणाची कार्यपद्धती २०१० साली सेरेशिया मार्सेसेन्सच्या कायटिनवर काम करणाऱ्या प्रथिनामुळे उघड झाली.

एकाच कोड्याची जिवाणूंनी काढलेली उत्तरे किती भिन्न आहेत हे पाहिले की प्रयोग आखताना पूर्वग्रह गळून पडतात. थर्मोबिफिडा फुस्का सुटी विकरे बाहेर सोडते. क्लोस्ट्रिडियम थर्मोसेलममध्ये, ज्याला आता ॲसिटिव्हिब्रिओ थर्मोसेलस म्हणतात, एका आधारप्रथिनावर नऊ जागी विकरे बसवलेला संच असतो. १९८३ साली एड बायर आणि राफाएल लामेड यांनी त्याला सेल्युलोसोम हे नाव दिले. सुमारे ७५ अंश सेल्सिअसला उत्तम वाढणाऱ्या कॅल्डिसेल्युलोसिरप्टर बेस्कायचे सेल-ए हे विकर एकाच प्रथिनात दोन उत्प्रेरक भाग आणि तीन बंधनभाग बाळगते आणि तंतूच्या पृष्ठभागावर खड्डे पाडते. सायटोफॅगा हचिन्सोनाय तंतूला प्रत्यक्ष चिकटून, त्यावर सरकत त्याला पचवतो, आणि त्याच्या जनुकसंचात नेहमीची सेलोबायोहायड्रोलेज सापडत नाहीत. त्यामुळे आपला जिवाणू पाठ्यपुस्तकातल्या तीन विकरांच्या चौकटीत बसला नाही, तर लगेच प्रयोग चुकला असे समजू नये.

पहिली पायरी: कोणता तंतू वापरायचा हे आधी ठरवणे

ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण पुढचे सारे निष्कर्ष तिच्यावर उभे असतात. प्रयोगशाळेत चार पदार्थ जवळ ठेवावेत. कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज, म्हणजे सीएमसी, पाण्यात विरघळते आणि केवळ एंडोग्लुकानेज दाखवते. सूक्ष्मस्फटिकी सेल्युलोजची पूड शिस्तबद्ध भागावरील क्षमता तपासते. हीच पूड थंड, संहत फॉस्फरिक आम्लात फुगवून सामू उदासीन होईपर्यंत धुतली की सैल रचनेचे सेल्युलोज मिळते. चौथा पदार्थ म्हणजे स्वच्छ गाळणकागद, ज्यात दोन्ही प्रकारचे भाग असतात. खऱ्या वनस्पतीची पूड, उदाहरणार्थ वाळलेल्या गवताची, वापरायची असल्यास ती चाळून एकाच आकाराची करावी आणि गरम पाण्याने अनेकदा धुवावी. तिच्यातील विद्राव्य शर्करा राहून गेल्या, तर जिवाणू त्यांच्यावरच वाढतो आणि तंतू पचल्याचा खोटा भास होतो.

दुसरी पायरी: समृद्धी संवर्धन

कुजणारा पालापाचोळा, कंपोस्ट, जंगलातील वरच्या थराची माती किंवा रवंथ करणाऱ्या जनावराचे शेण यांपैकी कोणताही नमुना चालतो. माध्यमात कर्बाचा एकमेव स्रोत तंतू असला पाहिजे. रेने द्यूबो यांनी १९२८ साली वापरलेल्या क्षारांचे मिश्रण आजही उत्तम काम देते: एक लिटर पाण्यात सोडियम नायट्रेट ०.५ ग्रॅम, डायपोटॅशियम फॉस्फेट १ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.५ ग्रॅम आणि फेरस सल्फेट ०.०१ ग्रॅम, सामू ७.२ च्या आसपास. परीक्षानळीत हे माध्यम घालून गाळणकागदाची पट्टी अशी उभी करावी की तिचा निम्मा भाग द्रवाच्या वर राहील, आणि १२१ अंश सेल्सिअसला १५ मिनिटे निर्जंतुक करावे. त्यात चिमूटभर नमुना टाकून नळी ३० अंशांना ठेवावी. उष्णताप्रिय जिवाणू हवे असल्यास ५५ अंशांना ठेवावी आणि पाणी उडून जाणार नाही याची काळजी घ्यावी.

एक ते दोन आठवड्यांत द्रव आणि हवा यांच्या सीमारेषेवर कागद पातळ होतो, त्यावर पिवळे-नारिंगी बुळबुळीत ठिपके येतात आणि नळी हलवली की पट्टी तुटते. ती सीमारेषाच आधी का खचते, तर तेथे ओलावा आणि ऑक्सिजन दोन्ही पुरेसे असतात. तुटलेल्या जागेचा कागदाचा तुकडा नव्या नळीत घालावा आणि असे तीन-चार वेळा करावे, म्हणजे मातीतून आलेली इतर पोषकद्रव्ये विरळ होत जातात. ऑक्सिजनविना जगणारे जिवाणू या पद्धतीने मिळणार नाहीत; त्यांच्यासाठी रॉबर्ट हंगेट यांनी रुमेनमधील, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातील, जिवाणूंकरिता विकसित केलेली, ऑक्सिजनमुक्त वायूखाली माध्यम बनवून नळीच्या आतील भिंतीवर आगारचा पातळ थर फिरवण्याची पद्धत लागते, आणि ती कोणा जाणकाराच्या शेजारी उभे राहून शिकणेच चांगले.

नमुन्यातून काय वाढेल हे आपल्या हाती नसते आणि शेण किंवा मातीतून रोगकारक जातीही येऊ शकतात, म्हणून प्रत्येक नळी ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय टाकून देऊ नये.

तिसरी पायरी: वेगळे करणे, आणि वलयाच्या मोहात न पडणे

समृद्ध झालेले मिश्रण विरळ करून सीएमसी घातलेल्या आगार प्लेटवर पसरावे. वसाहती आल्यावर त्यांची प्रत दुसऱ्या प्लेटवर घेऊन ठेवावी आणि मूळ प्लेटवर ०.१ टक्का काँगो रेड १५ मिनिटे ओतून नंतर १ मोलर मिठाच्या द्रावणाने धुवावे. १९८२ सालापासून टीदर आणि वुड यांची ही पद्धत जगभर वापरली जाते. जेथे सीएमसीच्या साखळ्या तुटल्या आहेत तेथे रंग धरत नाही आणि वसाहतीभोवती फिकट वलय दिसते. काँगो रेड हे बेन्झिडिनपासून बनलेले रंगद्रव्य असल्यामुळे हातमोजे अनिवार्य आहेत. त्याऐवजी आयोडीनचे द्रावणही चालते आणि त्याने निकाल अधिक लवकर दिसतो.

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाची सूचना. वलय म्हणजे तंतुपचन नव्हे. बॅसिलस सबटिलिस सीएमसीच्या प्लेटवर मोठे, देखणे वलय देतो, पण स्फटिकी सेल्युलोजवर वाढू शकत नाही. उलट सायटोफॅगासारखे जिवाणू, ज्यांची विकरे पेशीलाच चिकटलेली असतात, खरा कागद फस्त करतात आणि वलयाच्या परीक्षेत मात्र मागे पडू शकतात. वलयाचा व्यास वसाहतीच्या व्यासाने भागून क्रमवारी लावण्याची पद्धत सर्रास दिसते. ती प्राथमिक चाळणीपुरती ठीक आहे, परंतु विकर आगारमधून किती वेगाने पसरते यावरही तो आकडा अवलंबून असल्यामुळे त्याला विकराच्या गुणवत्तेचे माप मानणे मला पटत नाही. म्हणून क्षारांच्या आगार प्लेटवर निर्जंतुक गाळणकागदाची चकती ठेवून तिच्यावरही मिश्रण पसरावे आणि जेथे कागद पारदर्शक होऊन विरतो तेथील जिवाणू वेगळे काढावेत.

वेगळा केलेला जिवाणू खरोखर एकटाच आहे का, हे तपासण्यात घाई करू नये. तंतू पचवणाऱ्याच्या आसऱ्याने सेलोबायोज आणि ग्लुकोज खाणारे सोबती इतके चिकाटीने राहतात की चार-पाच वेळा रेघाटल्यानंतरही ते वसाहतीत सापडतात. जिवाणूची ओळख पटवणाऱ्या १६-एस जनुकाचा क्रम स्वच्छ, एकेरी वाचला गेला आणि त्याच वसाहतीने एकट्याने कागदाची पट्टी तोडली, तरच पुढे जावे.

तंतू किती पचला हे वजनाने मोजता येते. १०५ अंशांना वाळवून वजन केलेला कागद माध्यमात घालावा, ठरलेल्या दिवसांनी काढावा, त्याला चिकटलेल्या पेशी सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडने फोडून धुवाव्यात आणि पुन्हा स्थिर वजनापर्यंत वाळवावा. पेशी न धुतल्यास त्यांचे वजन कागदाच्या वजनात मिळते आणि पचन कमी दिसते. जिवाणू न घातलेला फ्लास्क याच सर्व पायऱ्यांतून न्यावा, कारण धुताना निसटणारे धागेही वजन घटवतात.

चौथी पायरी: तासांतला बदल मोजणे

अविद्राव्य तंतू पेशीच्या आत जात नाही, मग तो समोर आहे हे पेशीला कळते कसे? अनेक जिवाणूंत विकराची अगदी थोडी मात्रा सदैव बाहेर पडत असते. तिने तंतू तुटला की सेलोबायोज तयार होते, ते आत शिरते आणि जनुकावर बसलेल्या दमनकारी प्रथिनाला हटवते. स्ट्रेप्टोमायसिसमधील सेब-आर आणि थर्मोबिफिडामधील सेल-आर ही अशीच दमनकारी प्रथिने आहेत. क्लोस्ट्रिडियम थर्मोसेलमने याहून थेट मार्ग काढला आहे. त्याच्या पेशीपटलातून आरपार गेलेल्या काही प्रथिनांचा बाहेरचा भाग तंतू ओळखणारा असतो आणि आतला भाग जनुक चालू करणाऱ्या सिग्मा घटकाला धरून ठेवतो. बाहेर तंतूला स्पर्श झाला की आतला घटक मोकळा होतो. बॅक्टेरॉइडीस थेटाआयोटाओमायक्रॉन या आतड्यातील जिवाणूने तर पेक्टिनसह निरनिराळ्या बहुशर्करांसाठी ८८ जनुकगट राखले आहेत आणि समोर येणाऱ्या शर्करेनुसार त्यातले नेमके गट तो चालू करतो.

आपल्या जिवाणूत हे तपासण्यासाठी त्याला ग्लुकोजवर वाढवून पेशी धुवाव्यात आणि त्यांचे सारखे भाग करून ग्लुकोज, सेलोबायोज, सीएमसी, गाळणकागद, झायलान, आणि गाळणकागद अधिक ग्लुकोज अशा सहा फ्लास्कमध्ये घालावेत. ठरावीक तासांनी नमुना घेऊन सेंट्रिफ्यूज करावा. वरचा स्वच्छ द्रव आणि खालचा साका, दोन्हींतील क्रिया स्वतंत्र मोजावी, कारण पेशीला किंवा तंतूला चिकटलेले विकर वरच्या द्रवात दिसत नाही आणि केवळ द्रव मोजणारा संशोधक सेल्युलोसोम असलेल्या जिवाणूला निष्क्रिय ठरवून मोकळा होतो.

मोजमापासाठी, म्हणजे विकराने सुटलेली शर्करा रंगावरून मोजण्यासाठी, १९५९ सालची मिलर यांची डायनायट्रोसॅलिसिलिक आम्लाची पद्धत पुरेशी आहे. १०० मिलिलिटर अभिकर्मकासाठी हे आम्ल १ ग्रॅम, सोडियम हायड्रॉक्साइड १.६ ग्रॅम आणि सोडियम पोटॅशियम टार्टरेट ३० ग्रॅम घ्यावे. विकराचे द्रावण ०.५ मिलिलिटर आणि बफरमधील २ टक्के सीएमसी ०.५ मिलिलिटर एकत्र करून ३० मिनिटे ठेवावे, ३ मिलिलिटर अभिकर्मक घालून नेमकी ५ मिनिटे उकळावे, थंड करून पाण्याने ठरावीक प्रमाणात विरळ करावे आणि ५४० नॅनोमीटरला वाचावे. ग्लुकोजच्या प्रमाणरेषेवरून मुक्त झालेली शर्करा मिलिग्रॅममध्ये काढली की तिला ५.५५ ने गुणून ०.५ आणि ३० ने भागावे. येणारा आकडा म्हणजे एका मिलिलिटरमधील क्रियेची एकके, जेथे एक एकक म्हणजे मिनिटाला एक मायक्रोमोल. विकराविना आणि सीएमसीविना अशा दोन्ही कोऱ्या नळ्या प्रत्येक वेळी ठेवाव्यात. ज्या फ्लास्कमध्ये ग्लुकोज घातले होते त्यातील द्रवात मुळातच शर्करा असते. ती डायलिसिसने काढली नाही तर वाचन निरर्थक होते.

सामूच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. गाळणकागदावरील क्रियेची १९८७ सालची सर्वमान्य पद्धत ५० अंश आणि सामू ४.८ सांगते, पण ती बुरशीची विकरे नजरेसमोर ठेवून घडलेली आहे. बहुतेक जिवाणूंची विकरे ६ ते ७ च्या आसपास उत्तम चालतात, म्हणून आधी ५ ते ९ पर्यंतच्या बफरांत क्रिया तपासून आपल्या विकराचा सामू ठरवावा. सेल्युलोसोमच्या जोडण्यांना कॅल्शियम लागते. तेथे फॉस्फेट बफर वापरल्यास कॅल्शियम साक्याच्या रूपाने निघून जाते.

कागदाच्या फ्लास्कमध्ये क्रिया वाढली आणि ग्लुकोज घातलेल्या कागदाच्या फ्लास्कमध्ये ती दबली, तर प्रेरण (तंतूमुळे जनुक चालू होणे) आणि ग्लुकोजचे दमन दोन्ही आहेत असे म्हणता येते. वाढलेले विकर नव्याने बनले की साठवलेले बाहेर पडले, हे पाहण्यासाठी एका फ्लास्कमध्ये प्रथिननिर्मिती थांबवणारे क्लोरॅम्फेनिकॉल घालावे. या पायरीत दिसलेला कोणताही बदल आनुवंशिक म्हणता येणार नाही. पेशी पुन्हा ग्लुकोजवर नेल्या की तो नाहीसा होतो, आणि तो तसा होतो हे मोजून लिहूनही ठेवावे.

पाचवी पायरी: पिढ्यांतला बदल घडवणे

येथून संयम लागतो. एकाच वसाहतीपासून किमान सहा समांतर वंश सुरू करावेत. तीन गाळणकागदावर आणि तीन सेलोबायोजवर. सेलोबायोजचे वंश नसतील, तर दिसणारा बदल तंतूशी जुळवणूक आहे की केवळ माध्यमातील क्षारांशी, हे ठरवता येत नाही. प्रत्येक वेळी १ टक्का संवर्धन नव्या माध्यमात न्यावे. शंभरपट विरळ झालेली संख्या पूर्ववत होण्यासाठी सुमारे ६.६४ पिढ्या लागतात, म्हणजे ३० हस्तांतरणांत अंदाजे २०० पिढ्या होतात. कागदावर दर हस्तांतरणाला आठवडा लागत असेल तर हे काम सात महिन्यांचे आहे. प्रत्यक्षात वाढ शंभरपट झाली की नाही हे वसाहती मोजूनच ठरवावे. कागदाच्या लगद्यात द्रवाची गढूळता वाचण्याला अर्थ नसतो. कागदाला चिकटलेल्या पेशी मोजायच्या असल्यास संपूर्ण साका ०.२ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये उकळून त्यातील प्रथिन मोजावे, आणि प्रथिनाची प्रमाणरेषाही त्याच द्रावणात काढावी.

हस्तांतरण कशाचे करायचे हा निर्णय किरकोळ दिसतो, पण उत्क्रांतीची दिशा तोच ठरवतो. दर वेळी वरचा द्रव नेला, तर कागदापासून सुटणाऱ्या पेशींची निवड होते. कागदाचा तुकडा नेला, तर घट्ट चिकटणाऱ्यांची. याच्याशी जोडलेला दुसरा प्रश्न आयत्या शर्करेवर जगणाऱ्यांचा आहे. विकर बाहेर सोडणारी पेशी ते बनवण्याचा खर्च करते, पण सुटलेली शर्करा शेजारच्या पेशीलाही मिळते. जोराने हलवलेल्या फ्लास्कमध्ये ही शर्करा सर्वत्र सारखी पसरते आणि विकर न बनवणारे उत्परिवर्ती वाढू लागतात. मग वंश जुना होत जातो तसे पचन सुधारण्याऐवजी मंदावते. न हलवलेल्या किंवा संथ हलवलेल्या संवर्धनात, जेथे पेशी आणि तंतू लगटून राहतात, फायदा बनवणाऱ्यालाच अधिक मिळतो. निसर्गात पेशीला चिकटलेली विकरे इतक्या वेळा का उत्पन्न झाली असावीत, याचे एक कारण मला येथे दिसते. म्हणून शेवटी संपूर्ण मिश्रण तपासून थांबू नये. प्रत्येक वंशातून दहा-वीस सुट्या वसाहती घेऊन प्रत्येकीला एकटीने कागदावर वाढवून पाहावे.

दर दहाव्या हस्तांतरणाला १५ ते २० टक्के ग्लिसरॉलमध्ये नमुना उणे ८० अंशांना गोठवावा आणि १६-एस क्रम तपासून हा आपलाच जिवाणू आहे याची खात्री करावी. सात महिन्यांत बाहेरचा एखादा बीजाणू शिरण्याची शक्यता उत्परिवर्तनाइतकीच खरी असते.

उत्क्रांत वंश आनुवंशिकदृष्ट्या बदलला आहे हे सिद्ध करण्याची कसोटी साधी आहे. त्याला २० ते ३० पिढ्या ग्लुकोजवर वाढवून मग मूळ पूर्वजासोबत पुन्हा कागदावर आणावे. फायदा टिकला तरच तो जनुकात आहे. त्यानंतर दोघांना एकाच नळीत समान संख्येने सोडावे आणि सुरुवातीच्या व शेवटच्या संख्यांवरून प्रत्येकाच्या किती पिढ्या झाल्या याचे गुणोत्तर काढावे. दोघांना वेगळे ओळखण्यासाठी पूर्वजात रिफॅम्पिसिन या प्रतिजैविकाला दाद न देणारी खूण वापरली असेल, तर ती खूण स्वतःच वाढ मंदावत नाही ना, हे आधी खूण असलेला पूर्वज आणि खूण नसलेला पूर्वज यांच्या स्पर्धेतून पाहावे.

सहावी पायरी: जनुकात काय बदलले हे शोधणे

पूर्वज आणि उत्क्रांत वंश यांचे संपूर्ण जनुकसंच वाचून घ्यावेत. जिवाणूत दर पिढीला, दर जनुकसंचामागे सुमारे ०.००१ ते ०.००३ एवढीच उत्परिवर्तने होतात, त्यामुळे २०० पिढ्यांनंतर फरकांची यादी लहान असते आणि तीच या पद्धतीची मोठी सोय आहे. फरक काढण्यासाठी ब्रेसेक, बहुशर्करांवरील विकरे ओळखण्यासाठी डीबीकॅन आणि पेशीबाहेर जाणारी प्रथिने ओळखण्यासाठी सिग्नलपी ही साधने मोफत उपलब्ध आहेत. विकरांची कुळे १९९८ पासून चालू असलेल्या कॅझी संग्रहात पाहावीत.

नवशिके थेट उत्प्रेरक भागातले बदल शोधू लागतात. माझा आग्रह आहे की आधी नियंत्रक प्रथिने, जनुकापूर्वीचे क्षेत्र, उड्या मारणारे जनुकखंड आणि जनुकांच्या वाढलेल्या प्रती पाहाव्यात. ई. कोलायचे उदाहरण येथे फार बोलके आहे. त्याच्या नेहमीच्या प्रयोगशाळेतील प्रकाराला सेलोबायोज वापरता येत नाही, परंतु निवडीखाली ठेवल्यास ते वापरणारे उत्परिवर्ती मिळतात. त्यांच्यात नवे विकर आलेले नसते. कायटोबायोजसाठी, म्हणजे कायटिनपासून मिळणाऱ्या शर्करेसाठी, असलेल्या जुन्या जनुकगटाचे नियंत्रण बदललेले असते, म्हणजे एका दमनकारी प्रथिनाची पकड सुटलेली असते आणि नियंत्रक प्रथिन सेलोबायोजलाही प्रतिसाद देऊ लागलेले असते. विकराची क्षमता आधीपासून होती. तिला चालू करणारी कळ बदलली.

विकराच्या जनुकातच बदल सापडला, तर जुने आणि नवे रूप ई. कोलायमध्ये वेगवेगळे बनवून शुद्ध करावे आणि समान वजनाच्या प्रथिनाने सीएमसी, फुगवलेले सेल्युलोज व सूक्ष्मस्फटिकी सेल्युलोज यांवरील क्रिया मोजावी. सीएमसीवर फरक नाही पण स्फटिकी पुडीवर आहे, असे आढळल्यास बंधनभागाकडे संशयाने पाहावे. स्फटिकी पुडीवर क्रिया घटली आणि सीएमसीवर वाढली, तर बोगद्यावरचा एखादा फास ढिला झाला असण्याची शक्यता तपासावी. सेलोबायोज मुद्दाम घालून क्रिया किती दबते हेही मोजावे, कारण आपल्याच उत्पादनाने कमी अडणारे विकर हा निवडीचा एक स्वाभाविक परिणाम असतो.

तिसऱ्या प्रकारचा बदल, म्हणजे जनुकांची देवघेव, एकट्या जिवाणूच्या नळीत घडत नाही. तो निसर्गातून आणलेल्या प्रकारांच्या तुलनेत शोधावा लागतो. एखाद्या विकराच्या जनुकाचे ग्वानिन-सायटोसिन प्रमाण भोवतालच्या जनुकांपेक्षा वेगळे असणे, शेजारी चल जनुकखंडांच्या खुणा असणे, आणि जवळच्या नात्यातील जिवाणूंत ते नसून दूरच्या कुळात त्याचे जवळचे भावंड सापडणे, ही त्याची लक्षणे होत. २०१० साली जपानी लोकांच्या आतड्यातील बॅक्टेरॉइडीस प्लेबियस या जिवाणूत लाल समुद्रशैवालाची बहुशर्करा तोडणारे जनुक सापडले आणि त्याचे मूळ झोबेलिया या सागरी जिवाणूच्या नातलगांकडे जाते असे दिसले. शैवालाचे हे उदाहरण जमिनीवरील वनस्पतींचे नसले, तरी पुरावा कसा उभारायचा याचा तो उत्तम नमुना आहे.

यादीतील कोणते उत्परिवर्तन खरोखर कारणीभूत आहे, हे मात्र यादी पाहून कळत नाही. एकेक उत्परिवर्तन पूर्वजात घालावे आणि उत्क्रांत वंशातून तेच काढून मूळ क्रम परत बसवावा. मग चारही प्रकारांना सेलोबायोजवर नव्हे, तर ज्या कागदावर निवड झाली त्याच कागदावर वाढवावे. घातल्याने फायदा मिळाला आणि काढल्याने गेला, तर कारण सापडले. घातल्याने काहीच झाले नाही पण काढल्याने फायदा गेला, तर त्या उत्परिवर्तनाला दुसऱ्या एखाद्या बदलाची साथ लागते असे समजावे, आणि गोठवून ठेवलेल्या नळ्या एकेक करून उघडत त्या दोहोंपैकी आधी कोणता आला हे शोधावे.